पडद्यावरची पिंकी बोलू लागते तेव्हा

मराठीत ‘नाटक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एकाचा आपण अभिमान बाळगतो. विष्णुदास भाव्यांपासूनची परंपरा सांगतो, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. दुसरा अर्थ घराघरांत रोज वापरला जातो. ‘नाटकं करू नकोस’ म्हणजे खोटे वागू नकोस. पहिल्या अर्थाचा अभिमान असणाऱ्या समाजाने दुसरा अर्थही तितक्याच सहजपणे जवळ बाळगला आहे. या लेखाचा विषय त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत सापडतो. लहानपणी पडद्यावर आलेले मूल मोठेपणी सार्वजनिक प्रश्नांवर बोलू लागते, तेव्हा आपण त्याला यातला कोणता अर्थ लावतो?

माझ्यापुरता हा प्रश्न २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाला. येलदरीच्या परिसरातल्या एका गावची ग्रामसभा होती. पूर्णा नदीवरच्या धरणाची भिंत या भागात नजरेआड होत नाही आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नाही हेही कुणाला नवीन वाटत नाही. विशीतली एक मुलगी उभी राहिली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने लहानपणी सावित्रीबाईंची भूमिका केली होती आणि पंचक्रोशीला ती त्यासाठीच माहीत होती. तिने विचारले, “धरण उशाला असून आपल्याला चौथ्या दिवशी पाणी का येतं? पाइपलाइनचा खर्च दाखवा.” मागून आवाज आला, “ए, हितं नाटक करू नको. ते शाळंत झालं.” सभा हसली आणि मुलगी खाली बसली. कबूल केले पाहिजे की हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे चारच दिवसांनी, ३० जानेवारीला, गांधी पुण्यतिथीच्या एका कार्यक्रमात उर्मिला मातोंडकर नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध बोलल्या. त्या कायद्याची तुलना त्यांनी रौलट कायद्याशी केली. बोलताना त्यांनी दुसरे महायुद्ध १९१९ मध्ये संपल्याचे सांगितले. पहिले म्हणायचे होते, दुसरे म्हटले गेले. दिवसभर मोबाइलवर तेवढाच तुकडा फिरत राहिला आणि त्यालाही मी हसलो. त्याआधी मार्च २०१९ मध्ये त्या काँग्रेसमध्ये गेल्या, तेव्हा एका साप्ताहिकात मी ‘रंगीला आता राजकारणात’ अशा मथळ्याचे चटकदार स्फुटही लिहून मोकळा झालो होतो. एका आठवड्यात दोनदा हसल्यावर मात्र थोडे खटकले. ग्रामसभेतल्या त्या आवाजात आणि माझ्या स्फुटात फरक काय होता? मग मी त्यांचे चित्रपट पुन्हा पाहिले, अगदी पहिल्यापासून. त्या पाहण्यातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

‘ती’ आणि ‘त्या’

सुरुवातीलाच सर्वनामाचा पेच येतो. १९७४ साली मुंबईत जन्मलेल्या, आज पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंना आपण बोलताना सर्रास ‘ती’ म्हणतो. त्यांच्याच वयाच्या आमदार बाईंना ‘त्या’ म्हणतो. लहानपणी पाहिलेल्या माणसाला आपण मोठे होऊ देत नाही. बालनटाला मिळणाऱ्या प्रेमातच ही अडचण आहे. म्हणून या लेखात पडद्यावरच्या मुलीला ‘ती’ आणि पुढच्या अभिनेत्रीला व कार्यकर्तीला ‘त्या’ म्हणणार आहे.

ती पहिल्यांदा दिसते १९८० च्या ‘झाकोळ’मध्ये. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. अभिनय आणि सामाजिक काम यांच्यात भिंत न मानणारी जी थोडी माणसे मराठी रंगभूमीवर झाली, त्यांत लागू अग्रभागी होते. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी, निळू फुल्यांनी आणि इतर कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले आणि त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. नाटक करून कार्यकर्ता जगवायचा, हा विचार ‘नाटक’ शब्दाचे दोन्ही अर्थ उलटवून टाकतो. अर्थात सहा-सात वर्षांच्या मुलीला दिग्दर्शकाचे विचार कळले असतील असे मी म्हणत नाही. पण तिला पहिला कॅमेरा दाखवणारा माणूस कोण होता, याची नोंद राहायला हवी.

दुसरा चित्रपट श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’, १९८१. महाभारताची कथा उद्योगपतींच्या दोन घराण्यांत आणून बसवलेली. त्यात तिच्या वाट्याला आलेले नाव परीक्षित. मूळ कथेत परीक्षित म्हणजे युद्ध संपल्यावर उरलेला वारस. ज्यांनी युद्ध केले ते निघून जातात आणि राखेचा हिशेब त्याच्याकडे येतो. भूमिका छोटीच, पण नाव विसरण्यासारखे नाही.

तिसरा १९८३ चा, शेखर कपूर यांचा ‘मासूम’. ही पिंकी मात्र सगळ्यांना आठवते. आमच्याकडे वीजगृहाच्या वसाहतीत एकाच्या घरी टीव्ही होता. लाकडी घोड्याचे गाणे लागले की अंगणातली पोरे खिडकीला लोंबकळायची, त्यांत मीही असायचो. वयाने त्या पोरांहून मोठा होतो, तरी.

पिंकीचे दुखणे

‘मासूम’ची चर्चा करताना आपण नेहमी जुगल हंसराजने केलेल्या राहुलबद्दल बोलतो, आणि ते साहजिकही आहे. अनाथ झालेला तो मुलगा बापाच्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि हा आपलाच बाप आहे हे त्याला ठाऊक नसते. नासिरुद्दीन शाह यांचा बाप ओशाळा, शबाना आझमींची इंदू दुखावलेली. एरिक सीगल यांच्या कादंबरीवर गुलजारांनी लिहिलेली पटकथा या तिघांभोवती फिरते.

पुन्हा पाहताना मी नजर पिंकीवर ठेवली. थोरली मुलगी. तिने काही केलेले नाही, तिला कुणी काही सांगितलेलेही नाही. आईबापांत काहीतरी बिनसले आहे एवढे तिला घराच्या हवेतून कळते. थोरांनी केलेली चूक, थोरांनी ठेवलेले मौन, आणि त्या दोन्हींच्या मधे खेळणारी मुलगी. चित्रपटाचे नाव राहुलला लागू पडते तसे तिलाही पडते. राहुलला निदान शेवटी उत्तर मिळते. पिंकीने प्रश्न विचारला, असे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणखी एक साधी तांत्रिक बाब. त्या प्रसिद्ध गाण्यात ओठ पडद्यावरच्या मुलांचे आहेत, गळे मात्र वनिता मिश्रा, गौरी बापट आणि गुरप्रीत कौर या बालगायिकांचे. हिंदी चित्रपटाची ही नेहमीचीच रीत आहे. पण विचार करावा असे काही त्यात आहेच. देशाला पाठ असलेली ही मुलगी ज्या क्षणी सर्वांत जास्त आठवते, त्या क्षणी तिचा आवाज तिचा नाही. बालनटाकडे चेहरा असतो. शब्द लेखकाचे, हालचाल दिग्दर्शकाची, गाणे दुसऱ्याच्या गळ्याचे. आपल्याला आवडतो तो हा चेहरा. पुढे त्याला स्वतःचा आवाज फुटतो तेव्हा आपण बिचकतो, कारण त्या आवाजाची आपल्याला सवयच नसते.

कलापथकाची दुसरी वाट

महाराष्ट्रात मंचावरून सार्वजनिक जीवनात येण्याची जुनी वाट वेगळी होती. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचे लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक. या वाटेने आलेल्या माणसाला वाक्य आणि वाक्यामागचे कारण एकाच वेळी शिकवले जाई. पाणवठ्याचा प्रवेश करायचा तर पाणवठ्याचा लढा माहीत हवा. निळू फुले याच तालमीतले. म्हणून पडद्यावर आयुष्यभर खलनायकी पाटील रंगवूनही ते सभेत बोलायला उभे राहिले, तर कुणी त्यांना ‘नाटक करू नका’ म्हटले नाही. स्मिता पाटील यांच्यामागेही सेवा दलाचे वातावरण होते.

मातोंडकरांचे घरही सेवा दलाच्या विचारांशी जोडलेले. पण लोकांसमोर त्या आल्या कलापथकातून नव्हे, चित्रपटातून. घरात एक शिकवण आणि बाहेर दुसरी ओळख. लोकांनी फक्त ओळख पाहिली होती. म्हणून २०१९ मध्ये त्या गांधी-नेहरूंचे नाव घेऊन बोलू लागल्या, तेव्हा हे संवाद कुणी लिहून दिले, असा प्रश्न अनेकांना पडला. मलाही पडला होता. निळूभाऊंबद्दल तो का पडला नाही, हे मात्र मी स्वतःला विचारले नव्हते.

वारसा चुकांचा

बालनटीची नायिका झाली. १९९५ च्या ‘रंगीला’ने ती ओळख इतकी पक्की केली की आधीचे आणि नंतरचे दोन्ही झाकले गेले. गंमत अशी की ‘रंगीला’तली मिली जोशीसुद्धा मुंबईतल्या साध्या घरातली, नाचणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभी राहणारी, पुढे यायला धडपडणारी मुलगी आहे. आपण तिचे कपडे लक्षात ठेवले आणि धडपड विसरलो.

त्यांच्या नंतरच्या भूमिकांपैकी दोन इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली २००३ च्या ‘पिंजर’मधली पुरो. अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवरचा, चंद्रप्रकाश द्विवेदी यांचा चित्रपट. दोन घराण्यांच्या जुन्या वैरात पुरो पळवली जाते. सुटून घरी येते, तर आईबाप दार उघडून आत घेत नाहीत. पुढे फाळणी होते आणि जे एका मुलीच्या बाबतीत घडले ते हजारोंच्या बाबतीत घडू लागते. मातोंडकर इथे आवाज चढवत नाहीत. दारात उभ्या असताना त्यांच्या चेहऱ्यावर आकांताहून अविश्वास अधिक दिसतो. मोठी माणसे असे वागू शकतात यावर विश्वास न बसणे ही लहान मुलाची प्रतिक्रिया आहे. पिंकीचा चेहरा मला तिथे पुन्हा दिसला.

दुसरी २००५ च्या, जाहनू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’मधली त्रिशा. अनुपम खेर यांचे निवृत्त हिंदी प्राध्यापक स्मृतिभ्रंशाने खचत जातात आणि गांधीजींना आपणच मारले असे त्यांना वाटू लागते. त्या भ्रमाचे मूळ बालपणातल्या एका खेळात सापडते. गांधीजींच्या चित्रावर खेळता खेळता धरलेला नेम आणि त्याच सुमारास आलेली हत्येची बातमी. लहानपणीचा खेळ आयुष्यभराचा गुन्हा होऊन बसतो. त्यांना बरे करण्यासाठी शेवटी खोटे न्यायालय उभे केले जाते, म्हणजे अक्षरशः नाटक केले जाते. आणि त्या नाटकात खरे बोलले जाते. गांधींना रोज कोण मारतो, हा प्रश्न प्राध्यापक समोरच्या सगळ्यांना विचारतात.

त्रिशा ही या सगळ्याची ओझेवाहू. नोकरी, घर, भाऊ, ठरता ठरता मोडलेले लग्न आणि बापाचा भ्रम. चित्रपट खेरांचा म्हणून ओळखला जातो, पण तो तोलून धरण्याचे काम मातोंडकर करतात.

परीक्षित, पिंकी, पुरो, त्रिशा. चार वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी चार वेगवेगळ्या काळात दिलेल्या या भूमिका. त्यांनी त्या ठरवून एका माळेत ओवल्या असे मी म्हणणार नाही. तरी एक धागा नाकारता येत नाही. आधीच्या पिढीने केलेल्या चुकीचा वारसा जिच्या पदरात पडतो, ती व्यक्ती. मालमत्तेचा वारसा सांगणारे राजकारणात पुष्कळ असतात. चुकांचा वारसा आपला मानून बोलणारे थोडे. ३० जानेवारीला त्या गांधींविषयी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यामागे ‘रंगीला’ नव्हता, त्रिशा होती. मला ते तेव्हा दिसले नाही, कारण मी पाहतच नव्हतो.

बोरिवलीचा रस्ता

२०१४ मध्ये सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’ या मराठी चित्रपटात त्यांनी वन्यजीव संशोधक बाईंची भूमिका केली. माळशेज घाटात सोडलेला बिबट्या चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचतो, या खऱ्या घटनेवरचा तो चित्रपट. बिबट्याच्या वाटेत माणसांची वस्ती आली, की वस्तीच्या वाटेत बिबट्या आला, हा त्यातला प्रश्न. उद्यान बोरिवलीचे. पाच वर्षांनी त्याच बोरिवलीचा समावेश असलेल्या उत्तर मुंबई मतदारसंघात त्या मते मागत होत्या.

आता आकडे. २७ मार्च २०१९ रोजी पक्षप्रवेश, २९ एप्रिलला मतदान. म्हणजे जेमतेम महिना. भाजपचे गोपाळ शेट्टी यांना ७,०६,६७८ मते, मातोंडकरांना २,४१,४३१. पराभव ४,६५,२४७ मतांचा. माझ्यासारख्यांनी याचा अर्थ ‘नटीला लोकांनी घरी बसवले’ असा काढला. पण २०१४ चा निकाल शेजारी ठेवला की चित्र बदलते. तेव्हा त्याच पक्षाचे संजय निरुपम, विद्यमान खासदार असूनही, २,१७,४२२ मते मिळवून ४,४६,५८२ मतांनी हरले होते. मातोंडकरांना त्यांच्यापेक्षा २४ हजार मते अधिक पडली. याच मतदारसंघाने २००४ मध्ये गोविंदा यांना निवडून देऊन राम नाईकांना हरवले होते. म्हणजे मतदार नटांना नाकारतात हेही खरे नाही आणि डोक्यावर घेतात हेही नाही. पक्षाची लाट आणि संघटना यांचा हिशेब आपण नटीच्या नावावर मांडला, एवढेच.

टीका करायची तर ती इथून पुढे करावी. १० सप्टेंबर २०१९ ला, पक्षातल्या क्षुद्र राजकारणाचे कारण देऊन त्यांनी काँग्रेस सोडली. त्याआधी प्रचारातल्या ढिसाळपणाबद्दल त्यांनी पक्षाला लिहिलेले पत्र बाहेर फुटले होते. ते १६ मे चे होते, म्हणजे निकालाच्याही आधीचे. तक्रार खरी असू शकते. पण ज्या मतदारसंघात २ लाख ४१ हजार माणसांनी विश्वास टाकला, तिथे साडेपाच महिन्यांत काय उभे राहिले? १ डिसेंबर २०२० ला त्या शिवसेनेत गेल्या. राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत त्यांचे नाव होते, ती यादी कधी मंजूर झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये जम्मूत भारत जोडो यात्रेत त्या चालल्या. ही भूमिका घेण्याची उदाहरणे आहेत आणि त्यासाठी धाडस लागते. चित्रपटसृष्टीतली बहुतेक मोठी नावे गप्प बसण्यात धन्यता मानत होती, त्या काळात त्या बोलल्या. दुसऱ्या एका अभिनेत्रीने दूरचित्रवाणीवर त्यांच्या जुन्या भूमिकांवरून हीन शब्द वापरले, तेही त्यांनी सोसले. पण भूमिका घेणे आणि काम बांधणे यांत अंतर आहे. कलापथकातल्या माणसाच्या मागे एक वस्ती, एक संघटना, एक रात्रशाळा असे. मातोंडकरांच्या सार्वजनिक कामामागे तसे काही ठळकपणे दिसत नाही. माझा आक्षेप इतकाच आहे आणि तो त्यांच्या नटी असण्यावर नाही.

हरल्यानंतर

इथे एका परदेशी बालनटीची आठवण उपयोगी पडेल. १९३० च्या दशकात अमेरिकेला वेड लावणारी शर्ली टेंपल. सात वर्षांची होण्याआधीच तिला ऑस्करचा खास बालपुरस्कार मिळाला. १९५० मध्ये तिने चित्रपट सोडले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातून अमेरिकी काँग्रेसच्या पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. कुरळ्या केसांची ती पोर मतदारांच्या डोळ्यांपुढून हलली नसेल, तर नवल नाही. पण त्या थांबल्या नाहीत. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात देशाच्या प्रतिनिधी, पुढे घानामध्ये राजदूत, आणि १९८९ ते १९९२ चेकोस्लोव्हाकियात, म्हणजे तिथली राजवट कोसळत असतानाच्या काळात. १९७२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या उघडपणे बोलल्या. त्या काळी हा शब्द बायका घरातही उच्चारत नसत. त्यांच्या राजकीय मतांशी माझे जुळणारे नाही. पण पडद्यावरच्या मुलीला मागे टाकायला एक पराभव आणि नंतरची वीस वर्षे लागली, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. मातोंडकरांच्या बाबतीत शेवटचा शब्द लिहायची घाई म्हणूनच कुणी करू नये. मी ती एकदा करून चुकलो आहे.

राहता राहिली ती १९१९ ची चूक. चूक ती चूकच, आणि सार्वजनिक वक्त्याने सनावळी तपासून बोलावे. पण रौलट कायदा १९१९ चाच आहे, तो पहिल्या महायुद्धानंतरच आला आणि विनाचौकशी डांबण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. हे सगळे बरोबर होते. तुलना योग्य की अयोग्य, यावर वाद घालता आला असता, घालायला हवा होता. आपण ‘दुसरे’ या एका शब्दावर हसून वादातून सुटका करून घेतली. बोलणाऱ्या बाईला गप्प करण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे, आणि बाई नटी असेल तर आणखी स्वस्त.

समीक्षकाचे काम काय, असे मला आता कुणी विचारले तर मी एवढेच सांगेन की बोलणारा कोण हे नंतर पाहावे, बोलला काय हे आधी तपासावे. अभिनयाची तालीम झालेला माणूस खोटेच बोलतो असे नाही. कधी कधी तालमीमुळेच त्याला चारचौघांत उभे राहता येते.

ग्रामसभेतली ती मुलगी आता लग्न होऊन जिंतूरकडे गेली. मध्यंतरी एसटीत भेटली. मी त्या दिवशीच्या हसण्याबद्दल ओशाळून काहीतरी बोललो. ती म्हणाली, “काका, हसले त्याचं काही नाही. खर्च दाखवला का त्यांनी?”

दाखवला नव्हता. पाणी अजून चौथ्याच दिवशी येते.